तात्यांच्या अग्रलेखाचं शेपूट

कुठल्याही छापखान्यात दोन गोष्टी साठतात. एक रद्दी आणि दुसरे किस्से. रद्दी न्यायला रद्दीवाला येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही! ते तसेच पडून राहतात, आणि मग माझ्यासारखा म्हातारा चार माणसं जमली की धूळ झटकून ते दाखवत बसतो. आज तुम्ही सापडलात.

मी सांगतोय ते ठाण्यातल्या एका साप्ताहिकाबद्दल. नाव सांगत नाही. अजून काही घरांत ते नाव काढलं की वाद सुरू होतात. काळ पन्नास सालाच्या आगेमागचा. मी डोंबिवलीहून यायचो. ऑफिसात मी उपसंपादक, मीच वार्ताहर, मीच प्रूफं तपासणारा आणि शनिवारी सायकलवरून अंक पोचवणाराही मीच. संपादक म्हणजे तात्या.

तात्या पूर्वी शाळामास्तर होते. माणूस इतका मऊ, की खुर्चीत मांजर झोपलेलं असलं तर स्वतः स्टुलावर बसून लिहायचे. पण हातात टाक आला की काय व्हायचं कोण जाणे! अग्रलेख साखरेवर असो नाहीतर इंग्लंडच्या निवडणुकीवर, शेवटचा परिच्छेद फिरून फिरून एकाच माणसावर जाऊन बसायचा. तो माणूस म्हणजे आमचे नगराध्यक्ष, भाऊ. त्या परिच्छेदाला ऑफिसात आम्ही 'शेपूट' म्हणायचो. कंपोझिटर खिळे जुळवता जुळवता ओरडायचा, "मजकूर आला, शेपूट कुठंय?"

भाऊ बाळकुमकडचे, मिठागरवाले, पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी राहिलेले. बेचाळीस साली तात्या आणि भाऊ तुरुंगात एकाच बराकीत होते. तिथे तात्यांना टायफॉइड झाला तेव्हा भाऊंनी आईसारखी सेवा केली. पुढे स्वातंत्र्य आलं, भाऊ सत्तेच्या बाजूला राहिले आणि तात्या विरोधात गेले. तात्यांचा हट्ट असा की दोस्तीही राहिली पाहिजे आणि शेपूटही! हे दोन्ही कसं टिकणार, याची मला कायम धास्ती. एखाद्या शनिवारी एखादी ओळ नको तितकी खोल जाईल आणि इतक्या वर्षांची जोडी तुटेल, असं मला दर अंकाला वाटायचं. तात्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, माझ्याहून जास्त वाटायचं.

* * *

एकदा दूर कुठेतरी मोठा भूकंप झाला. तात्यांनी फार सुंदर अग्रलेख लिहिला. वाचताना डोळ्यांत पाणी यावं असा. मदतनिधीचं आवाहन होतं, सगळं होतं. मी मनात म्हटलं, आज काही भाऊंचं नाव येत नाही. आणि शेवटी आलंच! 'पायाखालची जमीन हलली की सामान्य माणूस जागा होतो. आमच्या नगराध्यक्षांना मात्र खुर्ची हलल्याखेरीज जगात काही हलले, हे कळतच नाही.'

शनिवारी दुपारी भाऊ ऑफिसात हजर. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात अंक.

"तात्या, भूकंप पन मीच केला का र?"

तात्यांनी मान वर केली नाही. "तसं कुठे लिहिलंय? नीट वाच. भूकंप वेगळा, तू वेगळा. नुकसान तेवढं सारखं!"

भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग तात्याच उठून पाणी आणायला गेले. मी पाहत होतो. तांब्या पुढे करताना तात्यांनी त्यांच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला.

* * *

आता खरा अन्याय ऐका.

एकदा शेपटात आलं, की नगराध्यक्षांनी सगळ्या गावाला तहानेलं ठेवून नळ आधी आपल्या सासुरवाडीच्या आळीत नेला. मी नवा होतो, अंगात उत्साह होता. सायकल काढली आणि ती आळी बघून आलो. नळाचा पत्ता नव्हता! भाऊंची सासू स्वतः विहिरीवर पाणी शेंदत होती.

मी परत येऊन म्हटलं, "तात्या, तिथे नळ नाही. हे खोटं आहे."

"मला माहीत आहे," तात्या शांतपणे म्हणाले. "खरं असतं तर पहिल्या पानावर बातमी नसती का केली? खोटं आहे म्हणून तर अग्रलेखात घातलं!"

पण गंमत पुढेच आहे. भाऊंच्या सासूला कोणीतरी अंक वाचून दाखवला. म्हातारी खमकी होती. ती अंक कमरेला खोचून थेट जावयाच्या दारात गेली आणि आळी जमा होईल अशा आवाजात म्हणाली, "पेपरान आलाय, तू मना नल दिलास! कुठं हाय नल? दाखव मना!"

भाऊ म्हणाले, "आये, तो तात्या खोटं ल्हितो."

"तो मास्तर हाय! मास्तर खोटं ल्हील? तूच खोटा!"

भाऊ म्युनिसिपालिटीचं तोंड बंद करू शकायचे, सासूचं नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या आत त्या आळीत नळ आला. पहिल्या दिवशी म्हातारीने नळाला हळदकुंकू वाहिलं, आणि एक नारळ आमच्या ऑफिसात पाठवून दिला.

तात्यांनी तो नारळ टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "बघितलंस? आपण सगळ्यांच्या आधी दिलं होतं!"

* * *

काकूंचा यात एक वेगळाच कारभार होता. शुक्रवारी संध्याकाळी तात्या अग्रलेख काकूंना वाचून दाखवायचे. काकू भाजी निवडत ऐकायच्या आणि शेपूट आलं की हात थांबवायच्या. दुसऱ्या दिवशी अंकाबरोबर भाऊंच्या घरी एक डबा जायचा. शेपूट साधं असलं तर डब्यात थालीपीठ. जरा झोंबणारं असलं तर नारळाच्या वड्या. आणि अगदीच जिव्हारी लागणारं असलं तर पुरणपोळी, वर तुपाची वाटी वेगळी!

डबा आणि अंक दोन्ही माझ्याच सायकलला लटकलेले असायचे. भाऊ ओटीवर बसलेले असत. मी अंक पुढे केला की ते तो बाजूला ठेवायचे आणि आधी डब्याचं झाकण उघडायचे.

एकदा झाकण उघडून त्यांनी वास घेतला आणि आत बघून ओरडले, "अगं यमुना! पुरनपोली हाय! आज मना उभा चिरलाय बग!"

यमुनावहिनी, त्यांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "मंग आदी खावा. वाचल्यावर उतरायची नाय."

पुढे भाऊ गमतीत म्हणायचेही, "वैनींच्या हाताची पोली खाऊन लई दिस झालं. तात्याला सांग, जरा जोरात ल्ही."

मी हा निरोप तात्यांना सांगितला तर ते गंभीर झाले. म्हणाले, "गोडाने त्याचं वजन वाढतंय. चार आठवडे सौम्य लिहू."

* * *

भाऊ हसून घ्यायचे, पण त्यांच्या माणसांना ते कसं जमावं? एका शनिवारी भाऊंचे पाचपंचवीस कार्यकर्ते आमच्या ऑफिससमोर जमले. अंकाची होळी करायची असं ठरवूनच आले होते. गठ्ठाच्या गठ्ठा विकत घेतला, रस्त्यात ढीग रचला, घोषणा दिल्या आणि काडी लावली. आता आमच्याकडे छपाईआधी कागद ओला करून घ्यायची पद्धत होती. अंक दमट! काडी लावली की नुसता धूर. सगळे खोकायला लागले.

तात्या खिडकीतून बघत होते. मला म्हणाले, "अरे, त्यांना जाऊन सांग, तासभर उन्हात पसरा. एकदम नीट पेटतील."

मी जाऊन सांगितलं. माणसं बिचारी चिडलेली, पण सल्ला बरोबर होता. त्यांनी अंक रस्त्याकडेला पसरले आणि वाळेपर्यंत करायचं काय, म्हणून एकेक अंक उचलून वाचत बसली. तेवढ्यात तात्यांनी चहा पाठवला. भाऊ टांग्यातून धावतपळत आले, तेव्हा त्यांचाच एक कार्यकर्ता दुसऱ्याला शेपूट वाचून दाखवत होता आणि सगळे हसत होते!

भाऊ म्हणाले, "अरे, जालायला आलाव का पारायन करायला?"

* * *

कल्याणचे एक पुढारी होते. रेशमी सदरा, मनगटी घड्याळ. एक दिवस ते खास टांगा करून स्टेशनवरून ऑफिसात आले आणि दार लावून घेऊन तात्यांना म्हणाले, "मी इतकी वर्षं राजकारणात आहे. तुम्ही माझ्यावर एक ओळ लिहिली नाहीत. लोक मला विचारतात, तुमचं नि तात्यांचं काही साटंलोटं आहे का!"

"नाही हो. तसं काही नाही."

"मग लिहा ना! काहीही लिहा. खोटं लिहिलंत तरी चालेल."

तात्यांनी चष्मा पुसला. "साहेब, एखाद्याविषयी खोटं लिहायला आधी त्याच्याविषयी काहीतरी खरं असावं लागतं!"

गृहस्थ इतके हिरमुसले की तात्यांनाच वाईट वाटलं. त्या आठवड्याचं शेपूट त्यांनी कल्याणच्या वाट्याला दिलं. तिकडे म्हणे पेढे वाटले. इकडे शनिवारी संध्याकाळी भाऊ आले, कोपऱ्यातल्या बाकावर बसले आणि अंक उलटसुलट चाळत राहिले.

तात्यांनी विचारलं, "काय झालं रे?"

"काय नाय." मग जरा वेळाने, "माझी जागा दुसऱ्याला दिलीस ती दिलीस. विचारायचं तरी!"

* * *

आणि मग तो उन्हाळा आला.

घोडबंदर रोडच्या कडेला नाल्याचं काम चाललं होतं. ते बघायला भर दुपारी गेलेले भाऊ तिथेच छाती धरून खाली बसले. बैलगाडीत घालून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, हृदय आहे, महिनाभर अंथरुणावरून उठायचं नाही आणि मनाला जराही त्रास होता कामा नये. संध्याकाळी डॉक्टर स्वतः आमच्या ऑफिसात आले. "तात्या, तुमचं ते शेपूट बंद. नाहीतर मी जबाबदार नाही."

तात्या पांढरे पडले होते. म्हणाले, "एक अक्षर येणार नाही."

त्या आठवड्याचा अग्रलेख कापसावर होता. कापसावर सुरू झाला आणि कापसावर संपला. पुढचा अग्रलेख रेल्वेवर. तोही रेल्वेवरच संपला! कंपोझिटर दोन्ही वेळा शेपूट मागायला आला आणि तात्यांचा चेहरा बघून परत गेला. शेपूट नाही म्हणून काकूंचा डबाही गेला नाही. त्यांच्या मनात आलंच नाही ते. डबा आणि शेपूट यांची सांगड इतकी पक्की बसली होती.

दुसऱ्या अंकानंतर सोमवारी सकाळी यमुनावहिनी ऑफिसात आल्या. बाई कधी उंबरा ओलांडून आमच्याकडे आली नव्हती. आली ती उभीच राहिली.

"भावजी, खरं सांगा. डाक्टर तुमाला काय बोलला?"

"बरा होईल म्हणाले, वहिनी. खरंच तसं म्हणाले."

"मंग तुमी ल्हायचं बंद का केलं?"

तात्यांना काही कळेना. मग त्या बाईने सांगितलं. भाऊंनी अंक चोरून मागवून उशाखाली लपवले होते. पहिला वाचला आणि भिंतीकडे तोंड करून निजले. दुसरा वाचला आणि भाताची पेजही नको म्हणाले. संध्याकाळी थोरल्या मुलाला जवळ बोलावून कुठलं मिठागर कोणाच्या नावावर करायचं ते सांगायला लागले. यमुनावहिनी रडायला लागल्या तर म्हणाले, "रडू नको. तात्यानं हात आखडलाय. तात्या मरनाऱ्या मानसावर ल्हीत नाय."

ही गोष्ट खरी होती, आणि ती सगळ्या गावाला माहीत होती. आमच्या गावातल्या एका वकिलांवर तात्या वर्षानुवर्षं तुटून पडले होते. वकील आजारी पडले आणि तात्यांनी लिहिणं थांबवलं, आणि पंधरवड्यात वकील गेले. भाऊंनी त्यावरून आपला हिशेब लावला होता. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं नाही ते तात्यांना सांगितलं, म्हणून तात्या गप्प, म्हणून वैनींचा डबाही बंद!

यमुनावहिनींनी पदर पसरला. "भावजी, चार वली ल्हा. कसल्या पन ल्हा. शिव्या घाला. तेंना काय बी नाय झालं, असं वाटू द्या."

तात्या त्या दिवशी लिहायला बसले. दोन ओळी लिहायचे, फाडायचे. मी समोर बसून होतो. एकदा त्यांनी फेकलेला कागद मी उचलून बघितला. त्यात लिहिलं होतं, की या गावात प्यायला गोडं पाणी आहे ते एका माणसामुळे. पुढच्या कागदात बराकीतला टायफॉइड होता. ज्या माणसावर इतकी वर्षं वाटेल ते लिहिलं, त्याच्यावर आज हुकमी वार करायला बसले तर नुसतं खरंच उतरत होतं.

शेवटी टाक खाली ठेवून मला म्हणाले, "याच्याबद्दल खोटं लिहायचं तर तो धडधाकट लागतो रे." आणि तात्या माझ्यासमोर रडले.

शुक्रवारी दुपारी मात्र कंपोझिटरच्या हातात शेपूट पडलं. प्रूफ माझ्याकडे आलं. ते असं होतं:

'आमच्या नगराध्यक्षांच्या आजाराची सध्या गावभर चर्चा आहे. आमची खात्रीलायक माहिती अशी की, त्यांना काहीही झालेले नाही. हे निव्वळ सोंग आहे. नाल्यांच्या प्रश्नावर सभेत तोंड दाखवावे लागू नये म्हणून त्यांनी अंथरूण धरले आहे. परंतु त्यांनी पक्के ध्यानात ठेवावे, असल्या युक्त्यांनी सुटका व्हायची नाही. अजून पुष्कळ वर्षे आम्ही त्यांना जाब विचारणार आहोत.'

'पुष्कळ' या शब्दावर मी थांबलो. मला पुढचं दिसेना. चूक एकही नव्हती, प्रूफ तसंच पाठवून दिलं.

शनिवारी गाव पेटलं. मरणाच्या दारातल्या माणसावर असं लिहितात? कोणी अंक आणून ऑफिसच्या पायरीवर फेकले. डॉक्टर भर रस्त्यात तात्यांना म्हणाले, "तुम्ही माणूस आहात का हो?" तात्यांनी कोणाला एका शब्दाने खुलासा केला नाही. खाली बघून एवढंच म्हणायचे, "लेखणी घसरली." आणि चालायला लागायचे. काही जुन्या मित्रांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मला फार वाटायचं की खरं सांगून टाकावं, पण तात्यांनी मला शपथ घातली होती. गावात कळलं की ते भाऊंच्या कानावर जाणार, आणि मग सगळं मुसळ केरात.

भाऊंच्या घरून एवढंच कळलं, की अंक वाचल्यावर त्यांनी तो पुन्हा एकदा मोठ्याने वाचून घेतला, आणि म्हणाले, "यमुना, भूक लागली."

नाल्यांची सभा पुढे ढकलली होती, ती महिन्याभराने भरली. आम्ही वार्ताहरांच्या बाकावर होतो. तात्यांच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं, मीच काय तो. भाऊ येणार नाहीत असं सगळे धरून चालले होते, आणि दारात टांगा थांबला. काठी टेकत भाऊ आत आले. अंगावरचा कोट सैल झाला होता. डॉक्टर नको म्हणत मागून येत होते. भाऊ खुर्चीपाशी गेले, पण बसले नाहीत. टेबलाला हात टेकून उभे राहिले.

"सोंग घेतलेला मानूस आलाय," ते म्हणाले. "नाल्यांचं काय ते विचारा."

सगळं सभागृह हसलं. विरोधी सभासदसुद्धा हसले. भाऊंनी उभ्याउभ्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली, एकदोघांची फिरकीही घेतली. लोक एकमेकांना म्हणत होते, बघा, कसा पूर्वीसारखा गडी झालाय! तात्यांनी मात्र कागदावर एक अक्षर लिहिलं नाही. ते नुसते टेबलाला घट्ट टेकलेल्या भाऊंच्या हाताकडे बघत होते.

सभा संपली. लोक टाळ्या वाजवत होते. भाऊ गर्दीतून सावकाश आमच्या बाकापाशी आले, तात्यांसमोर थांबले आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले,

"कसं झालं र सोंग?"

तात्यांनी खिशातून रुमाल काढला आणि त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

"बरं झालं. आता धर माझा हात. घरी जाऊ."